आईकडचा रकाना

नियमपुस्तिकेचे पहिले पान पात्राच्या जन्माचे होते. खेळाडूने आपले पात्र कोणाच्या पोटी जन्मले ते ठरवायचे आणि त्यावरून पुढचे आकडे ठरायचे. ड्वार्फ, म्हणजे डोंगराच्या पोटात राहणारा बुटका, असेल तर विषाचा परिणाम निम्मा, चाल मंद, आणि मिट्ट काळोखात साठ फुटांपर्यंत दिसणार. एल्फ, म्हणजे रानातला लांब कानांचा यक्ष, असेल तर चार तासांची झोप पुरणार, कान तिखट, आणि चांदण्यात दिवसासारखे दिसणार. माणूस असेल तर एक कौशल्य जास्तीचे मिळणार, पण अंधारात मशाल लागणार. मशालीत एक हात अडकणार, म्हणजे ढाल आणि तलवार यांतले एक काहीतरी खाली ठेवावे लागणार. पहिल्या पानावर लिहिलेला एक शब्द विसाव्या पानावर अशा रीतीने हातापर्यंत येऊन पोचायचा.

टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायचा हा खेळ बाजारातला नव्हता. नॉटिंगहॅमला आमच्यापासून दोन घरे सोडून राहणाऱ्या, मूळ नागपूरच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरने तो रचला होता. नाताळच्या सुट्टीत इथल्या मराठी मंडळाचे मुलांचे शिबिर भरते, तिथे तो मराठीतून खेळवायचा होता. लग्नाआधी मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर सहा वर्षे काम केले होते. त्यामुळे पुस्तिकेची भाषा बघायचे काम माझ्याकडे आले.

पहिल्याच शब्दाला अडले. ड्वार्फ, एल्फ, माणूस या यादीच्या डोक्यावर मराठीत काय लिहायचे?

"जात लिहिलंत तर शिबिराच्या आधी मंडळाची मीटिंग लागेल, वहिनी," तो म्हणाला.

"वंश?"

"जनगणना वाटते."

"कूळ?"

"कूळ म्हणजे आमच्या आजोबांची जमीन कसणारा. त्याची केस अजून कोर्टात आहे."

मी 'घराणे' लिहिले. वाचणाऱ्याला शब्द अडू नये एवढाच निकष होता. घराणे कोणाला अडत नाही. त्यानेही मान डोलावली आणि एका रविवारी दुपारी आमच्या घरी चाचणीचा डाव ठेवला.

आम्ही चौघे होतो. तो स्वतः गेममास्टर, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि नियमांचा पंच. माझा सतरा वर्षांचा मुलगा. मुलाच्या सिक्स्थ फॉर्ममधली, म्हणजे अकरावी-बारावीतली, एक मैत्रीण, जन्म इथला, आईवडील अमरावतीचे. आणि एक खेळाडू कमी पडत होता म्हणून मी. नवरा भूलतज्ज्ञ आहे, त्या रविवारी तो हॉस्पिटलमध्ये ड्यूटीवर होता.

मुलाने पात्र घेतले ते असे: आई ड्वार्फ, वडील माणूस. मूळ पुस्तिकेवरून आधी खेळून पाहिलेल्या सहा डावांच्या नोंदी भाषेच्या कामासाठी माझ्या वहीत होत्या. सहाही वेळा त्याने अंधारात दिसणारे पात्र निवडले होते. ते मी त्या दिवशी, नोंदी चाळताना, पहिल्यांदा पाहिले.

माझ्या पुस्तिकेप्रमाणे त्याच्या पात्राचे घराणे वडिलांचे. म्हणजे माणूस. म्हणजे मशाल.

"हे चुकीचं आहे," मुलगा म्हणाला. "त्याची आई ड्वार्फ आहे."

"पण घराणं माणसाचं," मी म्हणाले. "घराणं वडिलांकडून धरतात. आडनावासारखं."

"मग काकू, आईचा घराणं कुठे जातो?" मैत्रिणीने विचारले.

"कुठे जातं," मुलगा म्हणाला.

"जातं, जातो, व्हॉटेव्हर. कुठेतरी गेला ना तो?"

गेममास्टर हसला आणि त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. त्याच्या मूळ तक्त्यात दोन रकाने होते, 'वडिलांकडून' आणि 'आईकडून'. माझ्या एका शब्दाने दुसरा रकाना उडाला होता.

"अहो वहिनी, डोळे काय आडनावातून येतात का?" तो म्हणाला. "माझा नियम असा आहे. काही गुण आईकडून येतात. आणि आईत ते दिसलेच पाहिजेत असं नाही. तिच्यात नुसते झोपून राहतात, पोरात जागे होतात."

"हे कुठून काढलंस?"

"बारावीचं बायोलॉजी. मेडिकलला नंबर लागला नाही, पण तेवढं डोक्यात राहिलं."

मी 'घराणे' खोडले. त्या जागी उभी रेघ मारली आणि दोन रकाने केले. मुलाने आईकडच्या रकान्यात लिहिले: अंधारात साठ फूट.

पावणेचार वाजले होते. नोव्हेंबरचा शेवट होता, त्यामुळे बाहेर दिवे लागले होते. गोष्ट एका बोगद्यात शिरत होती. गेममास्टरने वातावरणासाठी वरचा दिवा बंद केला आणि कोपऱ्यातला एकच लॅम्प ठेवला. मुलाची पाळी आली. त्याने वीस बाजूंचा फासा टाकला. फासा ट्रेच्या कडेवरून उडाला आणि त्याच्या डाव्या कोपराजवळ येऊन थांबला. मुलगा समोर बघत राहिला. मग त्याने टेबलावर पंजा पसरून हात फिरवला.

"कुठे गेला?"

"तुझा बाजूलाच आहे," मैत्रीण म्हणाली. "अरे, इथे. लेफ्टला."

त्याने तो उचलला, चेहऱ्याजवळ आणला आणि थोडा वेळ घेऊन म्हणाला, "चौदा."

"दाखव. हा चार आहे."

"चौदा आहे."

"एक कुठे आहे त्यात? तू मागच्या वेळी पण असाच केला. चीटिंग आहे ही."

"मी चीटिंग करत नाही."

गेममास्टर वाकला. "चार आहे रे," तो हळू आवाजात म्हणाला.

"या उजेडात कोणाला दिसतंय?" मुलाचा आवाज चढला. "इतक्या अंधारात कोणालाच दिसत नाही."

"मला दिसतंय," मैत्रीण म्हणाली.

"मलाही दिसतंय," गेममास्टर म्हणाला, "आणि मला तर चष्मा आहे."

मुलगा दिवा लावायला उठला. त्याचा गुडघा बाजूच्या स्टुलाला लागला आणि स्टुलावरचा पाण्याचा ग्लास कागदांवर आडवा झाला. स्टूल तिथेच असते, आम्ही त्या घरात राहायला आलो तेव्हापासून.

"आणि म्हणे आई ड्वार्फ," मैत्रीण म्हणाली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला आणि ती पाणी पुसायला लागली.

दिवा मी लावला. डाव तिथेच थांबला. निघताना गेममास्टर दारात म्हणाला, "वहिनी, एकदा डोळे दाखवून घ्या त्याचे. चष्म्याचा नंबर आला असेल."

मी हो म्हणाले. नंबर नाही हे मला माहीत होते.

माझा भाऊ मिरजेला असतो. आठवीत असताना तो संध्याकाळच्या क्लासवरून येताना उघड्या गटारात पडला. त्यानंतर त्याला आणायला मला पाठवू लागले. दिवेलागणीनंतर त्याने माझ्या दंडाला धरायचे आणि दोघांनी काही न बोलता घरी यायचे, अशी चार वर्षे गेली. बाहेर सांगताना 'नंबर जास्त आहे' असे सांगायचे. पुढे तो बँकेत लागला. अडतीस वर्षांचा असताना त्याने नोकरी सोडली, कारण काउंटरच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली माणसे त्याला दिसेनाशी झाली होती. समोरचे अजून दिसते. तो सांगतो, पाइपातून बघितल्यासारखे दिसते.

त्याच्या आधी आईचे वडील. ते सूर्य मावळल्यावर अंगणात उतरत नसत. हा त्यांचा नेम आहे असे आम्हाला मुलांना सांगितले होते.

माझे लग्न ठरवून झाले. मुलाकडच्यांनी रीतीप्रमाणे विचारले, घराण्यात काही आजार? वडिलांनी नाही सांगितले, आणि होणाऱ्या सासूबाईंनी व नवऱ्याने माझ्याकडे पाहिले तेव्हा मीही नाही म्हणाले. वडिलांच्या घराण्यात खरोखरच काही नव्हते. जे होते ते आईच्या माहेरचे होते, आणि ते कोणी विचारले नव्हते. भावाचा जाड चष्मा सगळ्यांना दिसत होता, त्याचा नंबर जास्त होता. आईने आदल्या दिवशी मला एवढेच सांगितले, "विचारल्याशिवाय बोलू नकोस. आणि विचारलं तर नंबर."

माझे आजोबा, माझा भाऊ, माझा मुलगा. तिघांची आडनावे तीन. घराणे म्हणून पाहिले तर त्यांचा एकमेकांशी संबंध लागत नाही. मधल्या दोन बायका, आई आणि मी, आम्हाला रात्री सगळे स्वच्छ दिसते.

मुलगा पंधरा वर्षांचा असताना त्याला ऑप्टिशियनकडे नेले होते. खुर्चीत बसवण्याआधी तिथल्या बाईंनी विचारले होते की कुटुंबात कोणाला डोळ्यांचा काही आजार आहे का. प्रश्न इंग्रजीत होता. मी 'नो' म्हणाले. नंतर बराच काळ मी स्वतःला सांगत होते की ती भाषांतराची चूक होती. कुटुंब म्हणजे घराणे, घराणे म्हणजे नवऱ्याचे, तिथे कोणाला काही नाही. पण मी ज्या डेस्कवर काम शिकले तिथे याला चूक म्हणत नसत. माहीत असलेली बातमी दाबली, असे म्हणत.

त्या रविवारी आणखी एक गोष्ट ठरलेली होती. मुलाची ड्रायव्हिंग टेस्ट अकरा दिवसांवर आली होती. गुरुवार, दुपारी दोन बत्तीसचा स्लॉट, चार महिने वाट पाहून मिळालेला. शिकवणारा त्याला शनिवारी सकाळी अकराला घेऊन जायचा. उन्हात तो चांगली गाडी चालवायचा. टेस्टच्या सुरुवातीला वीस मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट वाचून दाखवावी लागते. ती तो सहज वाचू शकत होता. तो पास झाला असता, आणि त्याच संध्याकाळी एकटा गाडी घेऊन निघाला असता. नाताळच्या सुट्टीत वॉटफर्डला काकाकडे स्वतः गाडी चालवत जायचे असे त्याने ठरवूनही टाकले होते. दोन तास मोटरवे.

रविवारी नवरा घरी आला तेव्हा दमला होता. मी सांगितले नाही. सोमवारी वेळ होती, जेवण झाल्यावर आम्ही दोघे अर्धा तास समोरासमोर बसलो होतो. मी सांगितले नाही. मंगळवारी मी सुरुवात केली. "तुझ्याशी एक बोलायचं होतं."

"बोल ना."

"शिबिराला मी दोन दिवस जाईन म्हणते."

"मग जा की," तो म्हणाला. "त्यात विचारायचं काय?"

एकोणीस वर्षांत या माणसाने मला कशाबद्दल खोदून विचारले नव्हते. मी खरे सांगते असे तो धरून चालला होता. अडचण तीच होती.

बुधवारी नवरा पाचच्या आधी घरी आला आणि त्याने किल्ल्या टेबलावर न ठेवता हातातच ठेवल्या.

"चल रे," त्याने मुलाला हाक मारली. "टेस्टच्या दिवशी ढग असतील तर तीनलाच अंधारून येईल. आजपासून रोज अर्धा तास अंधारात प्रॅक्टिस. रिंग रोडवर जाऊ."

"आज नको," मी म्हणाले.

"का?"

"पाऊस आहे."

"म्हणूनच तर."

मुलगा बूट घालत होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "बाबा, आज खरंच पाऊस आहे," तो म्हणाला. मला तेव्हा कळले की त्यालाही जायचे नाही.

"इथे राहून पावसाला घाबरून कसं चालेल?" नवरा हसत म्हणाला. "मी बाजूला आहे ना."

दार लागले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. नवऱ्याने गाडीला पुढे आणि मागे लाल एल-प्लेट लावल्या. मुलगा ड्रायव्हरच्या बाजूला गेला, आणि मी पाहिले की त्याने गाडीच्या अंगाला हात लावून ठेवला होता. बॉनेटपासून दारापर्यंत, हात न उचलता. माझा भाऊ रिक्षात चढताना असे करतो.

हेडलाइट लागले. इंजिन सुरू झाले. रस्त्यावरून दोन सायकली गेल्या, काळ्या कोटातली माणसे, दिवे बारीक. पाचच्या सुमाराला आमच्या रस्त्यावर हॉस्पिटलमधून सुटलेले लोक सायकलवरून घरी जातात.

मी घरातल्या चपलांवर बाहेर गेले आणि मुलाच्या बाजूच्या काचेवर हाताने थापटले. तो दचकला. मी त्याला आधी दिसलेच नव्हते. काच खाली आली.

"गाडी बंद कर."

"काय झालं?" नवऱ्याने विचारले. "फोन आला का कोणाचा?"

"बंद कर आधी."

मुलाने इंजिन बंद केले. पाऊस लागत होता. मी वाक्य तयार केले नव्हते, म्हणून जसे आले तसे सांगितले. "त्याला अंधारात दिसत नाही. माझ्या भावालाही दिसत नाही. तो नंबर नाही, रातांधळेपणा आहे, आणि पुढे बाजूचं दिसणं जातं. आजोबांनाही होता. आईकडून येतो. मला माहीत होतं."

नवरा माझ्याकडे वळला. रोज सकाळी भूल देण्याआधी तो प्रत्येक पेशंटला विचारतो की घरात कोणाला काही त्रास झाला होता का. उत्तर पहिल्यांदा 'नाही' असेच येते, म्हणून दोनदा विचारायचे, असे तो नव्या डॉक्टरांना शिकवतो. हे त्याने मला अनेकदा सांगितले होते.

"कधीपासून माहीत होतं?" त्याने विचारले.

"भावाचं लहानपणापासून. याचं, रविवारपासून नक्की."

"आणि नक्की नव्हतं ते कधीपासून?"

"दोन वर्षं. ऑप्टिशियनने विचारलं होतं. मी नाही म्हणाले."

"आणि आपलं लग्न ठरताना?"

"तेव्हाही."

मुलाने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. "मामाला जे आहे ते मला आहे?" त्याने विचारले.

"तपासावं लागेल. पण हो, मला वाटतं."

"मला वाटायचं अंधारात सगळ्यांनाच असं दिसतं," तो म्हणाला. "लोक म्हणतात ना, अंधारात काही दिसत नाही. मी म्हटलं, बरोबर, नाहीच दिसत." मग थोड्या वेळाने, "शाळेतून येताना मी दिवे मोजतो. सातव्या दिव्याला वळायचं. एक दिवा महिनाभर बंद होता तेव्हा मी दोनदा दुसऱ्यांच्या गेटमध्ये गेलो."

"सांगितलं का नाहीस?" नवऱ्याने त्याला विचारले.

"काय सांगू? सगळ्यांना तसंच असतं असं वाटत होतं." त्याने माझ्याकडे पाहिले. "तू कोणाकोणाला नाही म्हणालीस, आई?"

मी क्रमाने सांगितले. तुझ्या बाबांच्या आईला. तुझ्या बाबांना. तू झालास तेव्हा मिडवाइफला, फॉर्मवर. ऑप्टिशियनला. चार.

"आणि मला," तो म्हणाला.

"तू विचारलं नव्हतंस."

हे बोलल्यावर मी काय बोलले ते माझ्या लक्षात आले. नवऱ्याने आपल्या बाजूचे दार उघडले, गाडीला वळसा घालून एल-प्लेट काढल्या आणि तो घरात गेला. मुलाला मी हात दिला नाही, कारण त्याने मागितला नाही. तो गाडीवर हात ठेवून, मग कुंपणावर हात ठेवून, माझ्यापुढे चालत घरात गेला.

पुढचे सगळे वेळेवर झाले, नवऱ्याच्या हॉस्पिटलमुळे आठवड्याच्या आत. ऑप्टिशियनने डोळ्यात थेंब घालून आत पाहिले आणि त्याच दिवशी हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या विभागाला पत्र पाठवले. दृष्टिपटलाच्या कडांना काळे डाग दिसत होते. हॉस्पिटलमध्ये मुलाला एका पांढऱ्या यंत्रात हनुवटी टेकवून बसवले. आत कुठेही ठिपका चमकला की बटण दाबायचे. मी मागे खुर्चीवर होते. यंत्राच्या बाहेरच्या पडद्यावर ठिपके मला दिसत होते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. बटणाचा आवाज येत नव्हता. मध्यभागी ठिपका आला की यायचा. असे बारा मिनिटे चालले. नवरा माझ्या शेजारी उभा होता. शेजारी खुर्ची होती, पण तो बसला नाही.

डॉक्टरबाईंनी कागदावर वंशावळ काढायला घेतली. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ. त्यांनी आजार आहे का हे विचारले आणि मी नवऱ्याकडे न बघता सांगायला सुरुवात केली. आईचे वडील, चौकोन, काळा. आई, वर्तुळ, मध्ये एक ठिपका. भाऊ, काळा. मी, वर्तुळ, मध्ये ठिपका. मुलगा, काळा. नवऱ्याच्या बाजूला त्यांनी एकच पांढरा चौकोन काढला आणि पुढे काही विचारले नाही. रक्ताच्या तपासणीला काही महिने लागतील असे त्या म्हणाल्या, पण चित्र स्पष्ट आहे. मधली दृष्टी पुष्कळ वर्षे टिकू शकते. किती ते सांगता येत नाही. गाडी चालवायला जेवढे बाजूचे दिसावे लागते तेवढे आताच दिसत नाही. लायसन्सच्या खात्याला कळवावे लागेल.

"दोन वर्षं आधी आलो असतो तर?" नवऱ्याने विचारले.

"उपचार आजही नाही," त्या म्हणाल्या. "पण दोन वर्षं त्याला माहीत असतं."

टेस्टचा स्लॉट मुलाने स्वतः रद्द केला, घरी जाताना बसमध्ये, फोनवरून. मग मैत्रिणीला मेसेज केला. तिचे उत्तर लगेच आले आणि ते त्याने आम्हाला वाचून दाखवले. 'सॉरी मी चीटिंग म्हटला. तू मला काही सांगितलाच नाही ना पागल.' तो थोडा हसला.

नवरा त्या आठवड्यात माझ्याशी कामापुरते बोलत होता. गुरुवारी, ज्या दिवशी टेस्ट व्हायची होती, तो म्हणाला, "आईला मी सांगणार नाही. तुझं तू सांग. ठरताना तिनेच विचारलं होतं." मी सासूबाईंना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. पहिला प्रश्न नातवाचा होता, दुसरा असा: "तुझ्या वडिलांना माहीत होतं?" मी हो म्हणाले. "बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्यानंतर त्यांचा फोन नवऱ्याच्या मोबाइलवर येतो, घरच्या नंबरवर येत नाही.

भावाला सांगायचे शेवटी राहिले. रविवारी सकाळी फोन लावला, तिकडे दुपार होती. मी सगळे सांगितले. एकोणीस वर्षे माझ्या सासरच्या प्रत्येक कार्याला तो उजेड असताना यायचा आणि दिवेलागणीच्या आत काहीतरी निमित्त काढून निघायचा. ते माझ्यासाठी होते. आमच्यात त्यावर कधी बोलणे झाले नव्हते.

"पोरगा आहे का तिथे?" त्याने विचारले.

मुलगा जिन्यावर बसला होता. त्याने फोन माझ्या हातातून घेतला.

"मामा," तो म्हणाला, "तू रात्री रस्ता कसा क्रॉस करतोस?"

पलीकडून भाऊ काय म्हणाला ते ऐकू आले नाही. मुलगा म्हणाला, "थांब, लिहून घेतो," आणि फोन घेऊन वर आपल्या खोलीत गेला. पाऊण तास दोघे बोलत होते. मध्ये एकदा मोठ्याने हसणे ऐकू आले. मला दोघांनीही बोलावले नाही.